बाबांच्या ट्रंकेतल्या नऊ कॅसेटी

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही खेड तालुक्यातले. बाबा 1978 ला कुवेतला गेले ते 1989 ला कायमचे परत आले. आईला लिहिता येत नाही, म्हणून ती टेपवर बोलायची आणि गावातला कुणी तिकडे जायला निघाला की त्याच्या हाती कॅसेट द्यायची. बाबा वारल्यावर त्यांच्या ट्रंकेत तसल्या 9 कॅसेटी निघाल्या. माझा भाचा पुण्यात साउंड रेकॉर्डिंग शिकतोय, तो म्हणतो यातून साउंड आर्ट करायचं, परदेशात झालंय असं काम. त्याने एक कॅसेट लावून बघितली तर आई उठून परसात निघून गेली, तिथेच बसून राहिली. हे साउंड आर्ट म्हणजे नक्की काय आणि आम्ही ते करावं का?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा परसात बसलेल्या आईंपाशीच थांबले. पण आधी भाचा कुठल्या कामाबद्दल बोलतोय ते सांगते, मला वाटतं तो टेप लेटर्सबद्दल म्हणत असणार.

हे काम ब्रिटनमधलं. वाजिद यासीन नावाचे साउंड आर्टिस्ट आहेत, त्यांच्या मोडस आर्ट्स या संस्थेने पाकिस्तानातून ब्रिटनला गेलेल्या कुटुंबांनी 1960 ते 80 च्या दशकांत एकमेकांना पाठवलेल्या कॅसेटी शोधून काढल्या, त्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यातून प्रदर्शनं उभी केली, आणि या सगळ्याची सुरुवात झाली ती यासीन यांच्या स्वतःच्या घरातल्या कॅसेटपासून. यातली बरीच कुटुंबं मीरपूर-पोठोहार भागातली, पोठवारी बोलणारी. तिथेच झेलम नदीवर मंगला धरण झालं, 1967 ला पूर्ण, लाखभर माणसं उठली आणि त्यातले पुष्कळजण ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅमकडच्या गिरण्या-कारखान्यांत गेले (कोयनेचं पाणी चढताना ज्यांनी बघितलंय त्यांना उठणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको).

पोठवारी ही बोलायची भाषा, ती लिहायची फारशी रीत नाही. पत्र पाठवायचं तर उर्दूत, आणि ज्या बाईला लिहिता येत नाही तिने ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं, तिकडेही कधी कधी वाचून दाखवणारा तिसराच. म्हणजे नवऱ्याला जे सांगायचं ते आधी चारचौघांना सांगायचं. मग मनातलं काय लिहिणार ती, सगळे खुशाल आहेत, पैसे मिळाले, तब्येत सांभाळा, संपलं पत्र. आपल्याकडे मास्तर नाहीतर पोस्टमन पत्र लिहून द्यायचे तेव्हा हेच व्हायचं की. फिलिप्सने 1963 ला बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही छोटी कॅसेट आणली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती घरोघरी पोचली, तेव्हा ही मधली माणसं गळाली. दोन बटणं एकदम दाबायची आणि बोलायचं, रडायचं असेल तर रडायचं.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या कॅसेटी फार उरलेल्या नाहीत, कारण ऐकून झाली की तिच्यावरच आपलं उत्तर भरून लोक परत पाठवायचे, कोरी कॅसेट पैसे पडायची ना. तुमच्या बाबांनी नऊच्या नऊ न पुसता ठेवल्या, उत्तरं दुसऱ्या कॅसेटवर भरून पाठवली असतील. हे आईंना कुणी सांगितलंय का? सांगा बरं, एकांतात सांगा.

साउंड आर्टचं म्हणाल तर त्यात आवाज हीच वस्तू, चित्रकाराला जसा रंग. 1948 ला पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर या फ्रेंच रेडिओ इंजिनियरने आगगाड्यांचे आवाज रेकॉर्ड करून ते तुकडे जोडून एक रचना केली होती, तिथून ही वाट मोठी झाली. त्यात राग-ताल लागतोच असं नाही. तुमच्या कॅसेटीत आईंच्या बोलण्यामागे कोंबडा असेल, पाऊस असेल, कुणीतरी पोर मध्येच बाबा कधी येणार म्हणून विचारत असेल (कदाचित तुम्हीच!) आणि बोलता बोलता त्या गप्प झाल्या असतील ती शांतता असेल. माझ्या मते खरं पत्र तिथेच आहे.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या मावशीची एक कॅसेट मी एका दुकानात सीडीवर करायला दिली, त्यांनी मशीनने घरघर काढली, रिकाम्या जागा कापल्या आणि 30 मिनिटांची बाजू 19 मिनिटांची करून दिली. मावशी अडखळायची, आवंढा गिळायची, ते सगळं गेलं. वर ती कॅसेट नंतर त्यांच्याकडून गहाळ झाली, आजही आठवलं की पोटात तुटतं. म्हणून भाच्याला सांगा, आधी कॅसेटच्या पाठीमागचे दोन छोटे प्लास्टिकचे दात मोडायचे म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. मग पेन्सिलीने रीळ हलकी फिरवून बघायची, आतला फेल्टचा तुकडा गळलाय का बघायचा, बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालायचीच नाही, जाणत्या माणसाला दाखवायची. डेकचं हेड (टेप ज्याला घासून जाते तो धातूचा भाग) स्पिरिटने पुसून, दोन्ही बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत, 24 बिट वेव्ह फाइलमध्ये (आवाज जसाच्या तसा ठेवणारी मोठी फाइल) उतरवायच्या, एमपी3 नाही, त्यात फाइल लहान करताना आवाजातलं काही गळतं, आणि त्या फाइलला हात लावायचा नाही. जे काय कापाकापी करायची ती तिच्या कॉपीवर.

पण हे सगळं आईंना विचारून. त्या बाबांशी बोलल्या होत्या, आपल्याशी नाही. सगळ्यांसमोर लावू नका, त्यांना हेडफोन द्या, दार लोटून घ्या, चालू-बंद त्यांच्या हातात राहू दे, आणि काय बाहेर जायचं काय नाही ते त्यांनी ठरवायचं. त्या म्हणाल्या माझा शब्द एकही नको, तर नको. भाच्याला नुसता कोंबडा, पाऊस आणि मधल्या गप्प जागा घेऊनही काम करता येईल, आणि मला वाटतं ते चांगलं होईल. आजीने नाहीच म्हटलं तर फाइल जपून ठेवायची आणि प्रोजेक्टसाठी दुसरा विषय घ्यायचा, शिक्षकांना मी हवं तर पत्र लिहीन.

प्रश्न: जुन्या टेप ओव्हनमध्ये तापवून दुरुस्त करतात असं व्हिडिओत बघितलं. घरी करू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: अजिबात नको. तो उपाय मुख्यतः 1970-80 च्या दशकांतल्या काही स्टुडिओच्या मोठ्या रिळांचा, ज्यांचा चिकट थर दमटपणाने सुटतो, आणि तोही कमी तापमानावर, तासन् तास, जाणत्या माणसाने करायचा. घरगुती कॅसेटला तो आजार सहसा होत नाही, उलट तिची डबीच वाकडी होईल. अडकत असेल तर बहुतेक वेळा डबी खराब असते, स्क्रूवाली दुसरी डबी घेऊन रीळ तिच्यात घालून बघा.