आधी लाव, मग वाजव

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ तीनदा ऐकला. पहिल्यांदा बघत, नंतर दोनदा डोळे मिटून. खाली तू लिहिलंयस : "काका, हात जड पडूलालाय, रेला सुटेना. पखवाज सोडून तबला धरू का? की बेळगावात क्लास लावू?" त्यावर एक रडकं चित्र. ते चित्र बघून राग आला, आणि मग रात्री झोप लागेना म्हणून लिहायला बसलोय.

तुझा हात जड नाही. तुझा पखवाज लागलेला नाही. उजव्या तोंडाला, काळ्या शाईच्या बाजूला, वादीच्या दोन ओढींमधल्या एका घरावर थाप मारलीस तर एक सूर, समोरच्या घरावर दुसरा. डाव्या तोंडावर सूर खाली आणायला लावतात ती कणीक तर बहुतेक आदल्या दिवसाची, कडेनं सुकून पापुद्रा सुटलेली. वाद्य बोलत नाही म्हणून तू त्याला मारतेस, मारतेस म्हणून मनगट आवळतं, आणि आवळलेल्या मनगटातून तो भरभर धावणाऱ्या बोलांचा रेला कसा सुटेल? क्लास लावू का विचारतेस. आधी वाद्य लाव.

कणीक कशी लावायची ते तुला कुणी दाखवलेलंच दिसत नाही. चपातीच्या कणकेपेक्षा सैल मळायची, मीठ-तेल काही नाही. हात ओला करून मधोमध गोळा ठेवायचा आणि अंगठ्यानं कडेकडे दाबत न्यायचा, खाली हवा राहता कामा नये. मग थाप मारून ऐकायचं. आवाज पोकळ घुमतोय, वर राहिलाय, तर अजून चिमूटभर. दबून गेलाय, तर चिमूटभर काढ. शाईच्या बाजूचा जो षड्ज, त्याच्या खालच्या सप्तकातला षड्ज इथं मिळाला पाहिजे. मिळाला की मांडीलासुद्धा कळतं, खोडातून कंप खाली येतो. वाजवणं झालं की लगेच काढायची, ओल्या फडक्यानं पुसायचं. नाहीतर कातडं ताठतं, आणि रात्री उंदीर येतात. माझं एक डावं तोंड उंदरांनी खाल्लंय, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही.

शाईच्या बाजूला वादीखालच्या लाकडी गट्ट्यांनी ढोबळ सूर आणायचा आणि तोंडाच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हातोडीनं बारीक. वरून हलका ठोका दिला की चढतो, खालून दिला की उतरतो. एक घर लागलं की शेजारी जायचं नाही, समोर जायचं. घाई केलीस तर अख्खी फेरी परत.

तू विचारलंस म्हणून सांगतो, कवी अमीर खुसरोनं पखवाज मधोमध तोडला आणि तबला झाला ही गोष्ट कुठं भाषणात सांगू नकोस. खुसरो तेराव्या-चौदाव्या शतकातला, तबला दिसायला लागतो अठराव्या शतकात, दिल्लीकडे. त्यापेक्षा नाट्यशास्त्रातली गोष्ट चांगली. स्वाती मुनी तळ्यावर पाणी आणायला गेले, पाऊस आला, कमळाची पानं कुठं मोठी, कुठं मध्यम, कुठं लहान, आणि प्रत्येकावर थेंबाचा आवाज वेगळा. तो आवाज डोक्यात धरून ते परत आले आणि मग वाद्यं घडवली. तळं म्हणजे पुष्कर, म्हणून वाद्यांचं नाव पुष्कर. त्यांना तोंडावर मातीचा लेप देऊन सूर आणायचे, हेही नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं लिहून ठेवलंय. खानापूरची माणसं आपण, माती आणि पाऊस आपल्याला कुणी शिकवायला नको. पण बघ, मुनींनी आधी ऐकलं.

शाई का लावतात, त्याचं शास्त्रही आहे. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, एकमेकांशी जुळत नाहीत, नुसता धप्प आवाज. मधोमध शाईचा भार आला की ते रांगेत येतात आणि कातड्याला सूर मिळतो. सी. व्ही. रामन यांनी हे १९२० साली छापलं. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ घेऊन थरावर थर घोटणाऱ्यांना ते त्याआधी किती पिढ्या ठाऊक होतं.

आमचा पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, चढवणारा कन्नड बोलायचा. मी घाईत असलो की वाद्य देतच नसे. "श्रुती सरि इल्ला री," सूर बरोबर नाही हो, म्हणायचा आणि परत हातोडी घेऊन बसायचा. सीमाप्रश्नावर आमचं कधी पटलं नाही, सुरावर कधी बिनसलं नाही.

सौंदत्तीला यल्लम्माच्या माघी पुनवेला गेलीस तर चौंडकं, ते एकतारी वाद्य, वाजवणाऱ्या जोगतिणीकडे नीट बघ. काखेत चौंडकं, एका हातात ताणलेली तार, दुसऱ्या हातानं छेडते. गाणं चढलं की ताण वाढवते, उतरलं की ढिला करते. ती बाई वाजवता वाजवता वाद्य लावत असते. आणि तुला सात मिनिटांच्या व्हिडिओआधी पाच मिनिटं सापडत नाहीत?

आता माझं ऐक. सव्वीस वर्षांचा होतो. सप्ताह होता, श्रावणातली झड, चामडं उतरून गेलेलं. बुवा पांढरी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात, गात होते, माझा पखवाज पाव सूर खाली. मला कळत होतं. कळत नव्हतं असं अजिबात नाही. पण आदल्या अभंगाला परण, ती जोरकस बोलांची बांधलेली रचना, वाजवली तेव्हा मंडपात वाहवा झाली होती, आणि आता चारशे माणसांसमोर हातोडी काढायची लाज वाटली. पुढचा अभंग सुरू झाला. दुसऱ्या चरणाला बुवांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, "पखवाज राहू दे जरा," म्हणाले आणि नुसत्या टाळांवर अभंग पुरा केला. रागावले नाहीत. प्रसादाच्या वेळी शेजारी बसून मला भाजी वाढली. ती भाजी अजून घशात आहे.

तेव्हापासून मी हट्टी झालो. लावल्याशिवाय वाजवायचं नाही म्हणजे नाही. भजनाची माणसं चहा पिऊन परत आली तरी माझं ठोकणं चालू असायचं. मग मंडळानं तबल्याची पेटी आणली, विजेवरची. "ती लागलेलीच असते, तुम्ही अर्धा तास घालवता," असं तोंडावर म्हणाले. मी उठून आलो. सात वर्षं एकादशीच्या भजनाला गेलो नाही. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाणारा रंगात आला की केसभर चढतो, टाळ त्याच्याबरोबर जातात, पेटी जात नाही, तिला कान नाहीत. दोन अभंगांच्या मध्ये हातोडीचा एक ठोका देऊन गाणाऱ्यापाशी जायला माणूसच लागतो. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं, आजही सांगेन. पण त्या सात वर्षांत माझा म्होरक्या टाळकरी गेला. दिवसांना भजन झालं, पेटीवर. मी घरात बसून होतो, समोर कणीक मळून ठेवलेली. आपण बरोबर होतो एवढंच हाताला लागलं. असो. ते तुला कशाला.

हातानं वाजवल्यानं ताण जातो, मन शांत होतं, असं कुठल्याशा शिबिरात ऐकून आलीस. होय की, जातो. माझी बीपीची गोळी मात्र चालू आहे. शांत वाटतं ते लावताना, सगळी घरं एका सुरात आली की. वाजवताना तर मला अजून घाम फुटतो.

कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत जन्मले, १९२४ साली, हे सांगताना इथं प्रत्येकाची छाती फुगते. त्यांचे तंबोरे कसे लागायचे ते कितीजण कान देऊन ऐकतात?

तबला धरायचा तर धर, मला दुःख नाही. परीक्षा द्यायच्या तर दे. मुलीनं पखवाज कशाला, असं तुझ्या घरी कोण म्हणतं ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. त्यांच्याशी भांडू नकोस, माझ्यासारखी सात वर्षं घालवशील. दारात बसून वाद्य लाव. लागलेला सूर ऐकला की शेजारीपाजारी आपोआप थांबतात, हे मी पाहिलंय.

येत्या रविवारी ये. सकाळच्या बसनं, ऊन चढायच्या आत. पखवाज त्या खताच्या पोत्यातून आणू नकोस, गोधडीत गुंडाळ, पाऊस असेल तर वरून प्लास्टिक. हातोडी माझ्याकडे आहे. पीठ घरच्या गव्हाचं आण, मैदा नको. मळायचं तूच, मी नुसता समोर बसेन. आणि दुपारी जेवूनच जा, काकूनं आंबोळ्यांचं ठरवलंय.

तुझा,
काका