व्हिसेरा तपासणीत ड्रगचा ओव्हरडोस नक्की कळतो का?

तुमच्या माणसाच्या पोस्टमॉर्टेमच्या कागदावर ‘व्हिसेरा (म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीरातले अवयव) राखून ठेवला, मत राखीव’ असं लिहिलंय आणि घरच्यांना ओव्हरडोसचा संशय आहे. तपासणीत कळू शकतं, पण माझ्या मते सगळं नमुने कसे घेतले यावर ठरतं. तिथे चुकलं की पुढे कितीही भारी मशीन असलं तरी उपयोग नाही.

जठर आतल्या अन्नासकट आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा 30 सें.मी. भाग एका बरणीत. यकृत 500 ग्रॅमपर्यंत आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग दुसरीत. अवयव टिकावेत म्हणून बहुतेक वेळा मिठाचं संपृक्त द्रावण वापरतात आणि त्याचाही वेगळा नमुना पाठवतात. बरणी दोन-तृतीयांशच भरायची, कारण कुजताना वायू सुटतो. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी शेजारी ठेवलेल्या फॉर्मॅलिनच्या बरणीत व्हिसेरा गेला तर मात्र औषध वेगळं काढणं फार अवघड होतं.

ड्रगच्या केसमध्ये रक्त सगळ्यात महत्त्वाचं, तेही मांडीच्या शिरेतलं, 10 ते 20 मि.ली. मृत्यूनंतर यकृत, फुप्फुसं आणि हृदयाच्या स्नायूतलं औषध हळूहळू हृदयातल्या रक्तात झिरपतं. अमिट्रिप्टिलिनसारख्या (नैराश्यावरच्या) औषधाचं प्रमाण तिथे कित्येक पट दिसू शकतं आणि नेहमीचा डोस घेणाऱ्यावर ओव्हरडोसचा शिक्का बसतो. रक्तात दर मि.ली.ला 10 मि.ग्रॅ. सोडियम फ्लोराइड हवं. नाहीतर जंतू बाटलीतच अल्कोहोल तयार करतात, आणि कोकेनही विघटित होत जातं.

झटपट चाचणीच्या किटवरचं ‘पॉझिटिव्ह’ हा फक्त इशारा. खात्री जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या नेमका पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रांनीच. नुसतं मॉर्फिन सापडलं म्हणजे हेरॉइन नव्हे: कोडीनच्या औषधातून, लघवीत तर खसखशीमुळेही ते दिसतं. हेरॉइन शरीरात मोडून तयार होणारं 6-मोनोअसिटिलमॉर्फिन मिळालं तर हेरॉइन पक्कं. रक्तात ते काही मिनिटांतच मोडतं, म्हणून लघवी आणि डोळ्यातला द्रव घेतलेला असावा.

आकडा एकटा काही सांगत नाही. रोज घेणारा ज्या डोसवर चालता-बोलता असतो, त्याच डोसने व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच बाहेर आलेला माणूस दगावतो. अहवाल ‘विष आढळले नाही’ असा आला तरी नेमकं काय शोधलं ते बघा. फेंटानिल हे अतितीव्र वेदनाशामक रक्तात नॅनोग्रॅममध्ये असतं, साध्या चाचणीत निसटतं.

तपास अधिकाऱ्यांना विचारा, प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्रात संशयित ड्रग, सापडलेल्या गोळ्या-सिरिंज आणि दवाखान्यात दिलेली इंजेक्शनं लिहिली आहेत का. आयसीयूत दिलेलं मिडाझोलाम हे गुंगीचं औषधही अहवालात दिसतं. अंतिम मत डॉक्टर देतात, तेव्हा उपचारांची कागदपत्रं त्यांच्यापर्यंत पोचवा.