बी.ए.साठी तीन रकान्यांची वही

बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ असो की कोल्हापूरचं शिवाजी, आपल्या सीमाभागातली पोरं बी.ए.त आळसापेक्षा परिभाषेत जास्त अडकतात. दहावीपर्यंत मराठी, पुढे बेळगावकडे वर्गात कन्नड, संदर्भग्रंथ इंग्रजीत. म्हणून पहिल्याच आठवड्यात दोनशे पानी वही घे, तीन रकाने आख आणि रोज पाच शब्द तिन्ही भाषांत लिही. दिसायला सारख्या शब्दांवर विसंबू नकोस. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष, रोजच्या कन्नडात मात्र शंका. तर्कशास्त्राच्या पेपरात एवढ्यानेच अख्खं उत्तर वाकडं जातं. (‘कादंबरी’ तेवढी दोन्हीकडे कादंबरीच!)

प्रकरण वाचताना आधी शेवट वाच, मग सुरुवात, मग मधलं. लेखकाला कुठे पोचायचंय ते कळलं की वाट सोपी होते. वीस पानांचा सारांश सहा ओळींत लिही, तोही पुस्तक मिटून. उघडं ठेवलंस तर नुसती नक्कल होते. गाईड परीक्षेच्या तोंडावर उजळणीपुरतं ठीक. त्यात निष्कर्ष असतात, ते कशावरून काढले हे नसतं.

हजेरी आणि इंटर्नलच्या (अंतर्गत परीक्षेच्या) तारखा सीनियरना विचारू नकोस, विभागाच्या फलकावर बघ.