ग्राउंडहॉगला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की लहान मुलांच्या एका अमेरिकन गोष्टीचं भाषांतर चाललंय, त्यात ग्राउंडहॉग आहे, तर 'भूडुक्कर' लिहू की 'घूस'? माझं मत विचाराल तर दोन्ही नको. सरळ ग्राउंडहॉग लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'जमिनीत बीळ करून राहणारी मोठी खार' एवढं जोडा.

कारण तो खरंच खारीच्या कुळातला आहे, म्हणजे आपल्या शेकरूचा लांबचा भाऊबंद. डुक्कर फक्त नावात. गोगलगाय तरी कुठे गाय असते, खवल्या मांजर कुठे मांजर असतं, पण ते शब्द कानाला बसलेत, 'भूडुक्कर' वाचून मात्र पोरांच्या डोळ्यासमोर सुळेवालं रानडुक्करच येणार. आणि घूस म्हटलं की गटार, धान्याची पोती, रात्रीची पळापळ. हा बिचारा दिवसाउजेडी कुरणात गवत आणि कोवळा पाला खात बसतो आणि धोका दिसला की शीळ घालून बिळात घुसतो. 'ओरडतो' नको, शीळ घालतो असंच लिहा.

त्याचं दुसरं नाव वुडचक, त्यावरून 'लाकूडखार' वगैरे करायच्या भानगडीत पडू नका, कारण त्या शब्दाचा लाकडाशी काहीच संबंध नाही, तिथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉन्क्वियन भाषांमधला शब्द इंग्रजांच्या तोंडात तसा झाला.

बिळासाठी मात्र आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे. त्याच्या बिळाला दोन-चार तोंडं असतात, मुख्य तोंडापाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसतो, पण एखादं तोंड तो आतून खणत वर आणतो त्यामुळे बाहेर माती पडतच नाही, गवतात ते भोक दिसतही नाही. त्याला 'चोरवाट' म्हणा ना! गडावरच्या चोरदरवाजासारखंच काम आहे त्याचं. आत झोपायची खोली वेगळी, घाण करायची वेगळी.

अजून एक, हिवाळ्यात तो नुसता 'झोपतो' असं लिहू नका, शीतनिद्रा लिहा. मिनिटाला 80 च्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके 5 वर येतात, अंग गार पडतं, साठवलेलं धान्य वगैरे काही नाही, सगळा हिवाळा अंगावरच्या चरबीवर काढायचा. फेब्रुवारीत नर थोडे दिवस बाहेर येऊन माद्यांच्या बिळांकडे चक्कर मारतात आणि परत जाऊन झोपतात. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात 1887 पासून 2 फेब्रुवारीला ग्राउंडहॉगची सावली बघतात, ती दिसली तर अजून सहा आठवडे थंडी असं मानतात, तुमच्या गोष्टीत हाच दिवस असेल तर तारीख तशीच ठेवा.

लिंगाचं विचारलंत, तर खार 'ती' असली तरी हा उंदरासारखा 'तो' बरा वाटतो. अनेकवचनही तसंच, एक ग्राउंडहॉग, चार ग्राउंडहॉग.