खाण वाचवायची तर आधी गावात जा

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही कॉलेजची काही मुलंमुली त्र्यंबक रोडच्या बाजूच्या एका जुन्या बंद दगडखाणीत दर रविवारी क्लाइंबिंगची प्रॅक्टिस करतो. दिवाळीपासून तिथे डंपर येऊन राडारोडा टाकतायत, डाव्या भिंतीचे खालचे रूट, म्हणजे चढायच्या ठरलेल्या वाटा, गाडले गेलेत. ड्रायव्हर म्हणतो मालकाची परवानगी आहे, गावात विचारलं तर म्हणतात जागा सरकारी आहे. आमच्यातले काही म्हणतात ऑनलाइन कॅम्पेन करू, काही म्हणतात सरळ डंपर अडवू. नक्की काय करायचं?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : मित्रा, डंपर अडवायचा नाही. रात्रीच्या वेळी तर खाणीकडे फिरकायचंच नाही, कारण ड्रायव्हर बिचारा रोजंदारीवर आलेला असतो, त्याच्याशी भांडून भराव थांबत नाही आणि एखाद्याचा जीव मात्र जाऊ शकतो. दिवसा लांबून फोटो काढा, तारीख, वेळ आणि लोकेशन फोटोवरच येईल असं ॲप वापरा, गाडीचा नंबर दिसू दे, आणि दर आठवड्याला एकाच जागेवरून एकच फ्रेम घ्या म्हणजे भराव किती वर आला ते कुणालाही नुसतं बघून कळतं.

आता जागा कुणाची, हे गावात चार जणांना विचारून कळणार नाही, सातबारा काढा. गट नंबर माहीत नसेल तर महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवरच्या जमिनीच्या नकाशात गाव निवडून शोधता येतो, नाहीतर तलाठी ऑफिसमध्ये जा (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). भोगवटादार म्हणून महाराष्ट्र शासन आहे, गायरान आहे की एखाद्या शेतकऱ्याचं नाव आहे ते बघा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा, खरी गोष्ट बऱ्याचदा तिथेच असते. मग जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आपल्याकडे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणून रागाची भाषणं नकोत, मोजकंच मागा : खाणपट्ट्याच्या आदेशाची प्रत, खाण बंद करतानाच्या अटी, आणि भराव टाकायला कुणी परवानगी दिली असेल तर तिची प्रत. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, नाही आलं तर पहिलं अपील करा.

आणि समजा जागा खाजगी निघाली तरी हात टेकू नका. स्वतःच्या जमिनीत सुद्धा विटा, प्लास्टर, टाइल्स, सिमेंटचे पत्रे असा माल मनाला येईल तसा ओतता येत नाही, बांधकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ पासून वेगळे नियम आहेत, १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे, पण दोन्हींचा गाभा एकच की हा माल ठरवून दिलेल्या जागीच गेला पाहिजे. शहरात जुन्या इमारती पडतायत, रस्ते रुंद होतायत, सिंहस्थाची कामं आहेत, सगळ्यांना माल टाकायला जवळचा खड्डा हवा असतो आणि बंद खाण म्हणजे फुकटचा खड्डा. तक्रार तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नाशिकचं कार्यालय, दोन्हीकडे द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर तक्रार दिलीच नाही असं समजा. एक मुदत मात्र पक्की लक्षात ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्यासाठी पुण्याच्या खंडपीठाकडे, भराव थांबवा म्हणून जायचं तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत जावं लागतं, सबळ कारण असेल तर वर ६० दिवस मिळू शकतात. तुमची ही मुदत दिवाळीपासून चालू झालीये.

पण मला मनापासून जे सांगायचंय ते वेगळंच आहे. ही लढाई तुम्ही क्लाइंबर म्हणून लढलात तर बहुतेक हराल. शहरातली पोरं रविवारी गाडीवरून येतात, दोर लावतात, निघून जातात, एवढंच गावाला दिसतं. खाण वाचली तर गावाला काय मिळणार, हे तुम्ही कुणाला कधी सांगितलंय का? आपल्या कातळाची गोष्टच अशी आहे की बसाल्ट स्वतः पाणी फारसं धरत नाही, पाणी असतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये, आणि जुनी खाण बऱ्याचदा नेमकी अशाच भेगा उघड्या पाडून बसलेली असते. त्यात पावसाचं पाणी साठलं की आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळू शकतो, त्याच भेगांवर रंगाचे डबे, थिनर न् सिमेंट ओतलं तर तेही पाण्याबरोबर खाली जाणार. हे गावातल्या विहीरवाल्या शेतकऱ्याला समजावायला तुम्हाला पाच मिनिटं लागणार नाहीत, तो तुमच्याआधी तहसीलला पोचेल. जमीनमालकाला पण भेटा, त्याला कदाचित भराव करून प्लॉट पाडायचे असतील, तर त्याला नीट सांगा की न दाबता ओतलेला मिसळ भराव वर्षानुवर्षं खचत राहतो आणि त्यावरच्या घरांना तडे जातात, भांडायला नका जाऊ.

ग्रामसभेत विषय मांडायला गावचा मतदारच लागतो, तुम्हाला तिथे मत नाही. म्हणून गावातली दोन पोरं तुमच्याबरोबर क्लाइंबिंगला घ्या, आजच घ्या, हेल्मेट, हार्नेस (कंबरेचा पट्टा) द्या, बिले, म्हणजे चढणाऱ्याला खालून दोराने सांभाळणं, शिकवा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव त्यांनी मांडू दे. ठरावात राडारोड्याला बंदी, पाण्याच्या बाजूला कुंपण आणि तुमच्या वापराच्या अटी, तिन्ही लिहून घ्या. तुम्ही पण लिहून द्या की पावसाळ्यानंतर भिंत तपासल्याशिवाय चढणार नाही, सुरुंगाने उडवलेल्या कातळात मोकळे दगड फार असतात हे तुम्हाला माहीतच आहे, आणि परवानगी मिळेपर्यंत दोर अडकवायला भिंतीत एकही नवा बोल्ट मारणार नाही. कपारीत शृंगी घुबडाचं घरटं दिसलं तर तो भाग विणीच्या काळात, साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, सोडून द्या.

खाणी वाचल्याची उदाहरणं आहेत. इंग्लंडमध्ये डर्बीशायरची हॉर्सशू क्वारी तिथल्या गिर्यारोहण परिषदेने २००५ मध्ये चक्क विकत घेतली. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहरात नदीकाठचे कांगारू पॉइंटचे कडे म्हणजे जुनी खाणच, आज तिथे लोक दिवे लावून संध्याकाळी चढतात. आपल्याकडे विकत घेणं सोपं नाही पण पंचायतीशी किंवा मालकाशी लेखी करार करता येतो. आणि क्लाइंबिंग आता टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे, राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, हे सरपंचांना जरूर सांगा, पण विहिरीचं सांगून झाल्यावर.

अजून एक करा, भिंतीचे जवळून फोटो काढा. सुरुंगासाठी ड्रिलने पाडलेल्या भोकांच्या अर्ध्या नळ्या दिसतात ना, त्यांच्या शेजारच्या पोकळ्यांमध्ये पांढरे, काचेसारखे चमकणारे स्फटिक असतील तर ते झिओलाइट नावाचं खनिज असू शकतं. नाशिक भागातल्या खाणींमधले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, सिन्नरला गारगोटी संग्रहालयात जाऊन बघा, शाळेच्या सहली तिथे जातात तर तुमच्या खाणीत का नाही येणार? शाळेची सहल येणाऱ्या जागेवर राडारोडा ओतायला दहादा विचार करतात. फक्त स्फटिक फोडून घरी नेऊ नका.

प्रश्न : ताई, आमच्या गावाजवळ पण बंद खाण आहे, पावसाळ्यात भरते. पोरं पोहायला जातात, आमच्या जिवाला घोर. मला वाटतं बुजवून टाकलेली बरी. शहरातल्या लोकांना चढायला मजा वाटते, पोरं आमची जातात.
– एक आई, दिंडोरी तालुका

उत्तर : ताई, तुमची भीती अगदी खरी आहे, खाणीत पोरं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात आणि ज्यांना क्लाइंबिंग करायचंय त्यांनी ही गोष्ट बाजूला सारून बोलूच नये. पण खाण एका दिवसात बुजत नाही, वर्षं लागतात, आणि अर्धवट भरलेली खाण जास्त वाईट. पाण्याखाली सळया, फुटक्या टाइल्स, वर तरंगणारं थर्माकोल, कडेला पाय ठेवला की सरकणारा भराव, खोली किती ते कुणालाच कळत नाही. आत्ता निदान काठ पक्का आहे.

तुम्ही मागा ते हे : पाण्याच्या बाजूला जाळीचं कुंपण, बाहेर येता येईल अशा पायऱ्या, काठावर दोर आणि ट्यूब कायमची टांगलेली. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथे हा विषय तुम्ही मांडा आणि तुमच्या नावाने लिहून घ्यायला लावा, पुरुषांच्या गर्दीत तो मागे पडायला नको. तुमच्याकडे क्लाइंबर येत असतील तर त्यांना सरळ सांगा की रविवारी पोरांना पाण्यापासून लांब ठेवायची जबाबदारी तुमची, आणि शाळेत येऊन दोर टाकून माणूस कसा ओढायचा ते शिकवा. हे करायला तयार नसतील तर मला परत लिहा.