दहाव्या दिवशी भूक लागते

प्रश्न : बाई, मी सोळा वर्षांची आहे, कादंबरी लिहितेय. रायन आणि झोई अपघातात जातात आणि ढगांवरच्या पांढऱ्याशुभ्र शहरात जागे होतात. तिथे ते उडतात, भिंतीतून आरपार जातात, मनात येईल ते त्यांना मिळतं. पण चौथ्या प्रकरणानंतर गोष्ट हलतच नाही. आई म्हणते, असलं अभद्र लिहू नकोस. प्रकरणं सोबत पाठवते आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चारही प्रकरणं दोनदा वाचली. गोष्ट अडली, कारण तुझ्या मुलांचं कुठेच काही अडत नाही. नील शुस्टरमन यांच्या ‘एव्हरलॉस्ट’ (2006) या कादंबरीतही अपघातात गेलेली मुलंच आहेत. पण ती जिवंतांच्या जमिनीवर एका जागी थांबली की पाय रुतायला लागतात आणि हळूहळू ती जमिनीत बुडतात. म्हणून त्यांना चालत राहावं लागतं. या एका नियमावर किती प्रसंग उभे राहतात बघ.

तुला असा नियम हवा असेल तर तो घरातच आहे. कुणी गेलं की काही घरांत गरुडपुराण वाचतात, आणि मुलांना बाहेर खेळायला पाठवतात. त्यात असं सांगितलंय की, गेलेल्याला नवा देह रोजच्या पिंडातून थोडा थोडा मिळतो. पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, चौथ्या दिवशी पाठ. असं करत नवव्या दिवशी पाय येतात. आणि दहाव्या दिवशी भूक-तहान लागते! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते. आधी हृदय येतं, पाय कितीतरी नंतर. म्हणजे घरची आठवण येते, पण घरी जाता येत नाही. यापेक्षा मोठी अडचण कुठल्या लेखकानं शोधावी?

आणि त्याच दहाव्या दिवशी कावळा. माझे वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते, जवळजवळ तुझ्याच वयाची. दशक्रिया संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या घाटावर. पिंड मांडून सगळे लांब सरकले, आम्ही बायका-मुली वरच्या पायऱ्यांवर. समोरच्या झाडावर चार-पाच कावळे होते, पण एकही खाली येईना. कुणी म्हणालं, शेताचं सांगा. सांगितलं. कुणी म्हणालं, आईचं सांगा. तेही सांगितलं. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात काका हात जोडून मोठ्यानं म्हणाले, “तात्या, धाकटीचं शिक्षण आम्ही पुरं करू.” धाकटी म्हणजे मी. आणि कावळा शिवला.

मी पुढे शिक्षिका झाले ती त्या वाक्यामुळे. पण त्या रात्री मी वडिलांच्या बाजूनं विचार करत जागी होते. भूक लागली आहे, पान समोर आहे, सगळी माणसं दिसताहेत. पण स्वतःला बोलता येत नाही. कुणीतरी आपल्या मनातलं नेमकं ओळखून बोलेपर्यंत नुसतं थांबायचं. तुझ्या झोईला हे दे. तिला अशी एक गोष्ट हवी असू दे, जी फक्त खाली राहिलेलं माणूस देऊ शकेल, आणि त्या माणसाला ती चटकन सुचू नये.

आईंना सांग, हे अभद्र नाही. कठोपनिषदातला नचिकेत तुमच्यासारखाच कोवळा मुलगा. वडील रागाच्या भरात म्हणाले, तुला मृत्यूला दिलं. आणि तो खरंच यमाच्या दारी गेला, तीन रात्री उपाशी राहिला. तीन वर मिळाले. मरणानंतर काय, हे त्यानं सगळ्यात शेवटी विचारलं. पहिला वर मागितला तो वडिलांचा राग निवावा आणि परत गेल्यावर त्यांनी आपल्याला ओळखून जवळ घ्यावं म्हणून. आईंनाच ही गोष्ट सांगायला लाव. जमलं तर दोघी मिळून माहुलीला जाऊन या.

एक वाक्य मात्र काढच. दुसऱ्या प्रकरणात झोई म्हणते, “आधीच मेले असते तर बरं झालं असतं.” नापास झाल्याच्या रात्री हे वाचणारं कुणीतरी असेल; त्याला ते खरं वाटता कामा नये. आणि बाळ, हे वाक्य झोईचं नसून तुझं असेल, तर कादंबरी बाजूला ठेव आणि आजच आईजवळ बोल.

नावं रायन, झोई ठेवायची तर ठेव, पण त्यांना पोवई नाक्यावरून शाळेत जाऊ दे, अजिंक्यताऱ्यावर धापा टाकत चढू दे. ढगांवरचं शहर मला दिसलं नाही. झोईच्या सायकलची सुटणारी चेन दिसली, ती फार छान लिहिली आहेस.

चौथं प्रकरण चौथ्या दिवसाचं कर. झोईला डोकं आहे, खांदे आहेत, हृदय आहे, पाठ आहे. पाय अजून पाच दिवसांनी येणार. आणि घरी तिची आई तीच सायकल भंगारात द्यायला निघाली आहे. तिथून पुढे लिही आणि मला पाठव.