रविवारची बैठक बसवू नका

प्रश्न : मी नाशिकच्या सिडकोत राहते. लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. मिस्टर अंबडच्या एका कंपनीत होते, वर्षभरापूर्वी काम गेलं आणि पिणं वाढलं. माझा पगार खात्यात येतो, पण एटीएम कार्ड त्यांच्याकडे असतं. रोज रात्री माझा फोन तपासतात. यायला जरा उशीर झाला की 'कुणाबरोबर होतीस' सुरू. हात पूर्वीही उचलायचे, पण गेल्या महिन्यात गळा धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली, दोन दिवस आवाज बसला होता. डॉक्टरांना मी घसा बसलाय एवढंच सांगितलं. 'तू गेलीस तर तुला संपवीन आणि मीही संपेन' असं म्हणतात. सासूबाई म्हणतात, नोकरी लागली की निवळेल. रविवारी निफाडहून माझी आई, भाऊ आणि इकडचे काका येणार आहेत. सगळ्यांसमोर 'मी माहेरी जाते' असं सांगायचं ठरवलंय. घर सासूबाईंच्या नावावर आहे. घर सोडलं तर माझा हक्क जातो का? केस केली तर पुढे मागे घेता येते का?

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उत्तर आधी बहिणीमार्फत पोहोचवलं, मगच छापलं.)

उत्तर : ताई, घर सोडल्याने हक्क जात नाही. ते कसं, ते पुढे सांगते. आधी रविवारचं बोलू. ती बैठक बसवू नका. भावाला काहीतरी कारण सांगून येणं पुढे ढकलायला सांगा.

तुमच्या पत्रात नोकरी आणि दारू यांना जास्त जागा आहे, गळ्याला दोन ओळी. मी ते उलटं वाचते. दारूचा आणि मारहाणीचा संबंध आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नवरा वारंवार पिऊन तर्र होतो अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. न पिणाऱ्यांच्या घरात हे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होतं. बेकारी, लहानपणी बापाने आईला मारलेलं पाहणं, ही कारणंही अभ्यासक सांगतात. पण ही सगळी 'कोणत्या घरात मारहाण होण्याची शक्यता जास्त' याची उत्तरं झाली. 'कोणत्या बाईच्या जिवाला धोका' हा प्रश्न वेगळा, आणि त्याची यादीही वेगळी.

अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधक बाईंनी १९८५ साली अशी एक प्रश्नावली तयार केली. पुढे तिथल्या अकरा शहरांत, जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांच्या प्रकरणांवरून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी धोक्याच्या खुणा तपासल्या. तो अभ्यास २००३ साली आला. त्यात पुन्हा पुन्हा दिसतं ते असं : जिवे मारण्याची धमकी, हत्यार, दिवसभराच्या हालचालींवर ताबा, टोकाचा संशय, आणि बाईने नुकतंच सोडून जाणं. गळ्याबद्दल २००८ साली वेगळा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाईचा गळा जोडीदाराने आधी एकदा आवळला आहे, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त निघाला. आकडे तिकडचे आहेत, पण गळा धरणारा हात सिडकोतही तसाच असतो.

'मीही संपेन' हे ऐकून घरातल्यांना त्याची दया येते. मी ते धमकीच्या बाजूला धरते. स्वतः मरायला तयार असलेल्या माणसाला पोलिसांची भीती राहत नाही.

म्हणून रविवार नको. चार माणसांसमोर 'मी जाते' म्हणालात की काका चहा पिऊन घरी जातील, भाऊ निफाडची गाडी धरेल आणि रात्री त्या घरात तुम्ही दोघंच उराल. काही वकील आधी नोटीस काढतात. तुमच्या प्रकरणात मी काढणार नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली (२००५) अर्ज करण्याआधी नोटीस देण्याची अट कुठेही नाही. आधी बाहेर पडायचं, अर्ज द्यायचा, आणि त्याला कळायचं ते कोर्टाच्या कागदावरून कळू द्यायचं.

आता तो दवाखान्याचा कागद. आवाज बसला म्हणून गेलात तेव्हा डॉक्टरांनी केसपेपर केला असेल, गोळ्या आणि गुळण्या लिहून दिल्या असतील. त्यावर तारीख आहे आणि 'आवाज बसला' ही तक्रार आहे. गळा आवळल्यावर बाहेरून खूण दिसतेच असं नाही, म्हणून आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, भोवळ या गोष्टींना महत्त्व येतं. तो कागद शोधा, नसेल तर डॉक्टरांकडून नक्कल मागा. शिवाय एकदा त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन, गळा कोणी, कसा, एका हाताने की दोन्ही हातांनी धरला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांकडेही जाणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगा. महिना उलटला असला तरी जा. मानेच्या रक्तवाहिनीला झालेली इजा कधी कधी उशिरा त्रास देते. मान सतत दुखत असेल, डोकं ठणकत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर कोर्टाचं नंतर, आधी दवाखाना.

पोलीस ठाण्यात 'नवऱ्याने मारलं' एवढंच बोललात तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घरी पाठवतील. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे जुनं ४९८-अ, फक्त हुंड्यासाठी आहे असा लोकांचा समज असतो. तो चूक. कलम ८६ मधल्या क्रूरतेच्या व्याख्येत जिवाला किंवा आरोग्याला धोका होईल असं वागणंही येतं. गळा आवळणं त्यात बसतं, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. फिर्यादीत 'डोळ्यांपुढे अंधारी आली' हे तुमच्याच शब्दांत उतरलंय की नाही, ते सहीआधी वाचून पाहा. समुपदेशनाला दोघांना एकत्र बसवायला निघाले तर 'मला एकटीला बोलायचंय' असं सांगा.

घर सासूबाईंचं असल्याने घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात स्पष्ट केलं की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सुनेसाठी 'सामायिक घर' ठरू शकतं. तिथून आज बाहेर पडलात तरी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली राहण्याचा आदेश मागता येतो. सासूबाईंना घराबाहेर काढण्याचा आदेश मात्र मिळत नाही, बाईविरुद्ध तसा आदेश देता येत नाही असं कायद्यातच आहे. माझं मत विचाराल तर त्या घरात परत जाण्याचा हट्ट धरू नका, वेगळ्या घराचं भाडं मागा. कलम तेच आहे.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. नाशिकला करा किंवा निफाडला. जिथे तात्पुरत्या राहाल तिथलं कोर्टही चालतं. त्यात मारहाण, संपर्क आणि कामाच्या ठिकाणी येण्याला मनाई, मुलांचा तात्पुरता ताबा, पोटगी आणि स्त्रीधन एकत्रच मागा. एटीएम कार्ड काढून घेणं ही कायद्याने आर्थिक हिंसा आहे, तेही लिहा. कलम २३ खाली, प्रतिज्ञापत्रावर, समोरच्याला न ऐकता अंतरिम आदेश मिळू शकतो, आणि वकिलाने पहिल्याच दिवशी तो मागायलाच हवा. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून तर अंतरिम आदेशावर एवढा जोर. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवऱ्याला नोकरी नाही म्हणून पोटगी आपोआप टळत नाही.

वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा बहिणीच्या फोनवरून १५१०० ही मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाइन लावा.

निघायचं ते कामाच्या दिवशी, मिस्टर घरात नसताना, मुलांना घेऊन. आधार, जन्मदाखले, पासबुक आणि तो केसपेपर बहिणीकडे आधीच, एकेक करून पोहोचवा. पिशवी भरून ठेवू नका, ती दिसते. नवं खातं दुसऱ्या बँकेत काढा, मोबाइल नंबर बहिणीचा द्या आणि पुढच्या महिन्यापासून पगार तिकडे वळवा. धमकीचे व्हॉइस मेसेज असतील तर बहिणीला पाठवून, पाठवल्याची नोंद आपल्या फोनमधून पुसा, पण मूळ मेसेज पुसू नका. कोर्टात मूळ फोन दाखवावा लागू शकतो, आणि नकलेसोबत ती खरी असल्याचं प्रमाणपत्र लागतं. माहेर त्यांना माहीत आहे, म्हणून पहिले काही दिवस तिथे नको. हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मुलांसह पाच दिवसांपर्यंत राहता येतं, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करून विचारा. मुलाच्या शाळेला तोंडी सांगून भागणार नाही. कोर्टाचा आदेश हातात नसेल तर वडील न्यायला आल्यावर शाळा अडवू शकत नाही, म्हणून तोवर मुलाला शाळेत पाठवू नका. आणि या सगळ्याआधी पुन्हा गळ्याशी हात आला तर कागदपत्रं राहू द्या, मुलांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ लावा.

मागे घेण्याचं विचारलंत. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मागे घेता येतो, परिस्थिती बदलली तर आदेशही बदलून मिळतो. कलम ८५ च्या एफआयआरचं तसं नाही. 'माझी तक्रार नाही' असं ठाण्यात लिहून दिलं म्हणून ती संपत नाही, रद्द करायला सहसा उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून आधी बाहेर पडून अर्ज आणि अंतरिम आदेश करून घ्या, मग एफआयआरचा निर्णय घ्या. पण तोवर त्यांनी पुन्हा हात टाकला किंवा तुमच्या नव्या पत्त्यावर येऊन उभे राहिले, तर एफआयआरसाठी माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या सल्ल्याची वाट पाहू नका.